आजोबा कुंडुंग, नातू मूलवर्मन

आग्नेय आशिया भारतीय राजांनी जिंकला म्हणून तिथे संस्कृत पोचली, असं वर एकांनी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. बोर्निओ बेटावरच्या कुताई राज्याचे यूप, म्हणजे यज्ञाचे खांब बघा. इ.स. 400च्या आसपासचे दगडी खांब, त्यांवर पल्लव वळणाच्या (दक्षिण भारतीय) लिपीत संस्कृत श्लोक. त्यांवरची राजांची वंशावळ अशी : कुंडुंग, त्याचा मुलगा अश्ववर्मन, नातू मूलवर्मन. आजोबांचं नाव अस्सल तिथलं आणि मुलाचं एकदम संस्कृत! मूलवर्मनाने ब्राह्मणांना 20,000 गाई दिल्या आणि ‘इहागतैः’, म्हणजे इथे आलेल्या विप्रांनी यूप उभारला, असं त्यावर कोरलंय. राजा तिथलाच, बाहेरून आले ते पुरोहित. दक्षिण भारतातल्या राजेंद्र चोळाची सुमात्रातल्या श्रीविजय राज्यावरची स्वारी 1025ची, म्हणजे तब्बल सहाशे वर्षांनंतरची; तिच्यामुळे संस्कृत पोचली असं म्हणताच येत नाही.