समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना : तुमचे अनुभव लिहा

मावसबहिणीच्या मुलीने परवा विचारलं, "मावशी, आत गेल्यावर नेमकं काय होतं गं?" तिने वेळ घेऊन दोनदा रद्द केली होती. तिच्यासारख्यांसाठी हा धागा. सुरुवात माझ्यापासून.

आई गेल्यावर सहा महिने मला धड झोप नव्हती. शेवटी समुपदेशकाकडे गेले. तिथल्या मॅडमनी आधी संमतिपत्र वाचायला दिलं: बोललेलं बाहेर जाणार नाही, जिवाला धोका दिसला तर मात्र घरच्यांना कळवू, वेळ रद्द करायची तर आदल्या दिवशी सांगा. मग पाऊण तास प्रश्नच प्रश्न. झोप, भूक, औषधं, घरी कोण कोण, पूर्वी कधी असं झालं होतं का. आणि, "जीव द्यावासा वाटतो का?" मी दचकले. हा प्रश्न मॅडम सगळ्यांनाच विचारतात, आणि विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे नंतर कळलं.

सल्ला एकही मिळाला नाही. बाराशे रुपये देऊन नुसतं बोलून आले, म्हणून रिक्षात रडू आलं. तिसऱ्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "आईचा विषय निघाला की तुम्ही पर्स घट्ट धरता." खाली बघितलं तर खरंच, बोटं पांढरी पडली होती. त्या दिवशी मी हॉस्पिटलातल्या शेवटच्या रात्रीबद्दल पहिल्यांदा बोलले.

सोलापूरहून
मी समुपदेशन ऑनलाइन घेतो. दोन खोल्यांचं घर, म्हणून गाडी मैदानाशेजारी लावून आत बसून बोलायचो. माझे सर विवेकनिष्ठ पद्धतीने काम करतात, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायचे; अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली. गृहपाठ असतो! वहीत तीन रकाने: घटना, मनात आलेला विचार, त्याचा परिणाम. माझी पहिली नोंद: साहेबांचा मेसेज, 'उद्या भेट'. विचार: नोकरी गेली. परिणाम: रात्रभर जागा. साहेबांना फक्त रजेचं वेळापत्रक हवं होतं. मधल्या रकान्याशी भांडायला शिकायला मला चार महिने लागले.

कोल्हापूरहून
माझा पहिला अनुभव वाईट होता, तोही लिहिते. मी चोवीस वर्षांची, नोकरी करणारी. तरी त्या बाईंनी माझं बोलणं आईला फोन करून सांगितलं. त्यानंतर दोन वर्षं मी कुणाकडे गेले नाही. दुसऱ्या ठिकाणी जायच्या आधी फोनवरच विचारलं: शिक्षण काय, गुप्तता कशी पाळता, किती सेशन लागतील असं वाटतं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगली माणसं रागावत नाहीत, माझ्या आताच्या मॅडमनी तर आपणहून सांगितला. आणि दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर बदला, अपराधी वाटून घेऊ नका.

बंगळुरूहून
इथे मी इंग्रजीत सुरुवात केली. सगळं नीट सांगायचे, पण ऑफिसातल्या अहवालासारखं. 'जीव घाबरा होतो' हे इंग्रजीत सांगता येईना. मग ऑनलाइन मराठी समुपदेशक शोधली. पहिल्याच भेटीत "माझ्यात काही राम उरला नाही" म्हणाले आणि ढसाढसा रडले. रडायलाही आपली भाषा लागते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

नाशिकहून
समुपदेशक औषधं देत नाहीत, हे ध्यानात असू द्या. आमच्या ताईंनी चौथ्या भेटीत सायकिअट्रिस्टकडे पाठवलं. मला वाटलं, हात झटकले. तसं नव्हतं. गोळ्यांनी झोप लागू लागली, तेव्हा कुठे बोललेलं डोक्यात शिरायला लागलं. दोन्ही सोबत चाललं.

फी परवडत नसेल किंवा रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. मी एकदा पहाटे तीनला लावला होता.

ठाण्याहून
माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. मला आत बोलावलं ते फक्त पहिली दहा मिनिटं. मग तासभर बाहेरच्या बाकावर. तो काय बोलला हे आजतागायत मला माहीत नाही, आणि न विचारणं हेच माझ्यासाठी सर्वांत अवघड होतं. घरी येताना त्याने वडापाव मागितला. तीन महिन्यांत त्याने आपणहून काही खायला मागितलं नव्हतं.