‘अतिजलद इलेक्ट्रॉन विवर्तन’ : यात ‘अतिजलद’ नेमके काय?

प्रश्न : ‘अतिजलद इलेक्ट्रॉन विवर्तन’ (पदार्थातील अणूंची मांडणी कशी बदलते हे इलेक्ट्रॉनांच्या साह्याने टिपण्याचे तंत्र) या संज्ञेत अतिजलद कोण, इलेक्ट्रॉन की विवर्तन? आणि या ‘विवर्तना’चा वेदान्तातील ‘विवर्ता’शी काही संबंध आहे काय?

प्रतिसाद १ : आधी दुसरा प्रश्न. वेदान्तातला विवर्त म्हणजे मूळ वस्तू न बदलता ती वेगळी भासणे, जसा दोरीवर साप. भौतिकशास्त्रातले विवर्तन म्हणजे अडथळ्याजवळून जाताना तरंगाचे वळणे व पसरणे. इलेक्ट्रॉनही तरंगाप्रमाणे वागतो, हे डेव्हिसन आणि जर्मर यांनी 1927 मध्ये निकेलच्या स्फटिकावर दाखवून दिले. अर्थाच्या दृष्टीने या दोन शब्दांची गल्लत करू नये.

‘अतिजलद’ हे विशेषण मात्र खरोखरच दिशाभूल करते. 30 हजार व्होल्टने प्रवेगित केलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे एकतृतीयांश वेगाने धावतो. पण नेहमीच्या पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले इलेक्ट्रॉन त्याहूनही वेगवान असतात आणि तरीही त्या उपकरणाला कोणी अतिजलद म्हणत नाही. अतिजलद असतो तो पदार्थाच्या संरचनेतील बदल, आणि तो टिपायचा म्हणून इलेक्ट्रॉनांचा स्पंदही, म्हणजे क्षणभराचा झोतही, तितकाच अल्पकालिक ठेवावा लागतो.

टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. ॲल्युमिनियमच्या 20 नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यावर लेसरचा स्पंद सोडून, त्यानंतर ठरावीक विलंबाने त्याच जागेतून इलेक्ट्रॉनांचा स्पंद पार केला. असा विलंब साधण्याची रीत मोठी सुंदर आहे : एकाच लेसरच्या दोन वाटा करतात, एक पापुद्र्यावर जाणारी व दुसरी इलेक्ट्रॉनांचा स्पंद निर्माण करणारी; त्यांपैकी एक 0.3 मिलिमीटरने लांबवली, की एक पिकोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाचा, फरक पडतो. पडद्यावर अणू दिसत नाहीत, एकात एक अशी तेजोवलये दिसतात. म्हणून याला ‘अणूंचे छायाचित्रण’ म्हणणे मला मुळीच पटत नाही. वलयाच्या त्रिज्येवरून अणूंच्या प्रतलांमधील (थरांमधील) अंतर कळते आणि त्याच्या तेजावरून मांडणीची शिस्त. साडेतीन पिकोसेकंदांत स्फटिकाची वलये मावळून द्रवाचे पसरट, अंधूक वलय उरले; ॲल्युमिनियम वितळले होते.

म्हणून या विषयावरील लेखात प्रथम ‘अतिजलद बदलांच्या अभ्यासासाठीचे इलेक्ट्रॉन विवर्तन’ असे सविस्तर लिहावे, आणि मग रूढ संक्षेप वापरण्यास हरकत नसावी.

प्रतिसाद २ : विवेचन मान्य आहे, परंतु वेग अगदीच गौण नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलत असल्यामुळे स्पंद वाटेतच लांबत जातो, आणि तो लांबला की जलद बदल त्यातून निसटतात. अमेरिकेतील स्लॅक प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनांना लक्षावधी व्होल्टने प्रवेगित करून जवळजवळ प्रकाशवेगाला नेले जाते, कारण त्या वेगाला हे लांबणे बरेच कमी होते. तेव्हा वेग हे साधन आहे. विशेषण मात्र कालावधीचेच, हा आपला मुद्दा त्यामुळे ढळत नाही.