बाउंड्रीवरचे कॅच: नवा नियम बरोबर की फील्डरवर अन्याय?

लेगबाय:
काल एकाने लिहिलं की एमसीसीने, म्हणजे क्रिकेटचे कायदे लिहिणाऱ्या क्लबने, बाउंड्री कॅचचा नियम बदलून फील्डिंगची मजाच घालवली. कसली मजा? 1 जानेवारी 2023 चा ब्रिस्बेनचा, बिग बॅश लीगमधला फील्डर नेसरचा कॅच परत बघा. आत पकडला, वर उडवला, स्वतः बाउंड्रीच्या दोरीबाहेर गेला, तिथे बाहेरच उडी मारून बॉल पुन्हा उडवला, मग आत येऊन पकडला आणि बिचारा बॅट्समन सिल्क आउट. बॉल बाहेर, फील्डर बाहेर, तरी सिक्स नाही? आता बाहेरून उडी मारलीत तर हवेत एकदाच हात लावायचा आणि उतरायचं ते आतच. आयसीसीने आंतरराष्ट्रीय मॅचना जून 2025 पासून लावलाय, एमसीसीच्या कायद्यात ऑक्टोबर 2026 पासून. उशीरच झाला.

डीप मिडविकेट:
कालचं मीच लिहिलं होतं. जमिनीला लागला तर बाहेर, एवढं सोप्पं होतं की. 2020 ला बिग बॅशमध्येच रेनशॉने असाच बाहेरून उडी मारून आत टोलवला, साथीदार बॅन्टनने पकडला, बॅट्समन वेड गेला. आता तो सिक्स. बॅटा जाड, दोरी आत आत येतेय, फ्री हिट आहेच, आणि फील्डरने जरा डोकं चालवलं की लगेच कायदा! बॉलर मेला काय नि जगला काय.

लेगबाय:
बॉलरचं रडगाणं दुसरीकडे गा. भारताच्या हरलीन देओलचा 2021 चा नॉर्थम्प्टनचा कॅच नव्या नियमातही आउटच आहे, ती बाहेरून झेपावली पण पडली आत. कला कुठे मेली?

फक्कीवाला:
दोरीचं निघालंच आहे तर सूर्यकुमारच्या, आपल्या सूर्याच्या, कॅचवर सगळे गप्प का? टी-20 वर्ल्ड कपची फायनल, बार्बाडोस, 29 जून 2024, दक्षिण आफ्रिकेला 6 बॉलमध्ये 16 रन हवे, समोर त्यांचा मिलर. दोरीमागे गवतावर पांढरा पट्टा ढळढळीत दिसत होता, म्हणजे दोरी सरकलेली होती.

डीप मिडविकेट:
आलाच हा! मॅचआधी दोरी जिथे टाकली तीच बाउंड्री. चालू मॅचमध्ये हलली तरच मूळ जागा धरतात.

फक्कीवाला:
मग थर्ड अंपायर केटलबरोने जरा निवांत झूम करून बघायचं होतं. आमच्याकडच्या टूर्नामेंटला फायनलमध्ये फील्डरने फक्कीची रेघच पायाने पुसली, वर आईची शपथ घेतो की मी आत होतो, अंपायर त्याचाच मेव्हणा, ट्रॉफी गेली आणि बक्षिसाचा बोकडही गेला. तेव्हापासून रेषेवरच्या कुठल्याच कॅचवर माझा विश्वास नाही.

ठाणेकर:
म्हणजे तुझ्या बोकडासाठी वर्ल्ड कप परत द्यायचा? विधानभवनातल्या सत्कारात सूर्या म्हणाला बॉल हातात बसला, रोहित म्हणाला नसता बसला तर यालाच बसवला असता. अजून काय पुरावा पाहिजे?

फक्कीवाला:
हेच! आपला म्हणून हसण्यावारी. मिलर मुंबईचा असता तर मोर्चा काढला असतात.

लेगबाय:
अरे विषय काय होता? सूर्याने दोन्ही वेळा बॉलला हात लावला तेव्हा पाय आतच होते. नेसरशी त्याचा काय संबंध!

डीप मिडविकेट:
बरं बाबा, नेसरचं जरा अतीच होतं, तुमच्या जिवाला बरं वाटू दे. पण मग दोरीही पार मागे न्या, होऊन जाऊ दे बरोबरी.

फक्कीवाला:
न्या की. फक्त तो पट्टा पुसून न्या.