शेवटच्या मात्रेनंतरचे सात दिवस नेमके कधीपासून मोजावेत?

नमस्कार. आमच्या शेडमधील ब्रॉयलरची बॅच उद्या ४० दिवसांची होत आहे आणि तिच्या विक्रीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

३०व्या दिवशी रात्री शेडमध्ये गेलो तेव्हा पंख्यांच्या आवाजातूनही पक्ष्यांची घरघर ऐकू येत होती आणि कोपऱ्यातले काही पक्षी मान लांबवून, चोच उघडी ठेवून श्वास घेत होते. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी मेलेले पक्षी उघडून हृदयावर व यकृतावर साचलेला पिवळसर पांढरा पडदा दाखवला, ई-कोलाय या जिवाणूचा संसर्ग असल्याचे सांगितले आणि पाण्यातून पाच दिवस एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक द्यायला लावले. मरतूक थांबली. ३५व्या दिवशी संध्याकाळी शेवटचे औषधी पाणी संपले. बाटलीवर कत्तलीपूर्वी सात दिवसांचा विथड्रॉवल पिरियड (औषध बंद केल्यानंतर थांबण्याची मुदत) लिहिलेला आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने ४२व्या दिवसाची संध्याकाळ उलटल्याशिवाय पक्षी देता येणार नाहीत. खरेदीदाराला मात्र ते उद्याच हवे आहेत. दोन दिवसांनी काही फरक पडत नाही आणि मांस शिजवल्यावर औषध नाहीसे होते, असे त्याचे म्हणणे आहे.

हे म्हणणे मला मान्य नाही. नीट शिजवल्याने जिवाणू मरतात हे खरे, पण या गटातली औषधे उष्णतेला बऱ्याच अंशी टिकून राहतात, त्यामुळे मांसातला औषधाचा अंश शिजवून काढून टाकता येत नाही. तेव्हा मुदतीआधी विक्री करायची नाही, हे मी ठरवलेलेच आहे. माझी शंका मोजणीबद्दल आहे.

टाकी रिकामी झाली तरी निपल लाइनमध्ये (पक्षी ज्यातून पाणी पितात त्या पाइपमध्ये) औषधाचे पाणी उरते आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरातही ते धरून राहत असावे. आम्ही लाइन धुतली ती ३६व्या दिवशी दुपारी. मग सात दिवस शेवटच्या मात्रेपासून मोजायचे की लाइन धुतल्यापासून? शिवाय पक्षी लिटर (शेडमध्ये अंथरलेला तूस) चोचतात आणि विष्ठेतून पडलेले औषध त्यांच्या पोटात पुन्हा थोडेफार जाते. त्यासाठी तुसाचा वरचा थर बदलावा का, की आणखी एखाद-दोन दिवस थांबणे पुरेसे आहे?

दुसरी अडचण अंड्यांची आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. अंड्यांसाठी ठेवलेल्या थोड्या कोंबड्या त्याच टाकीचे पाणी पीत होत्या, हे औषध सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या लक्षात आले. ही चूक सर्वस्वी आमची आहे. अंडी खाण्यासाठी विकली जातात अशा कोंबड्यांना हे औषध देऊ नये, असे बाटलीवर स्पष्ट लिहिलेले आहे. अंड्यातला बलक मुख्यतः शेवटच्या दहा-एक दिवसांत भरतो, म्हणून औषध थांबल्यानंतर घातलेल्या अंड्यांतही अंश उतरणार. सध्या सगळी अंडी आम्ही पुरून टाकत आहोत. बाटलीवर अंड्यांसाठी मुदतच दिलेली नसताना किती आठवडे थांबावे? प्रयोगशाळेत अंश तपासून घ्यायचा झाल्यास नमुना म्हणून किती अंडी आणि कोणत्या दिवसाची द्यावीत?

आणखी एक विचारतो. एन्रोफ्लॉक्सासिनचे शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिन होते, जे माणसांनाही दिले जाते. माणसांना जुलाब करणारे कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू या औषधांना दाद देईनासे होत असल्याच्या कारणावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनचा वापर बंद केला. मांसातला अंश मुदतीनंतर उतरेल, पण प्रतिरोधी झालेले जिवाणू शेडमध्ये, खतात आणि पुढच्या बॅचच्या आतड्यांत राहू शकतात. म्हणून हे कोंबडीखत भाजीपाल्याला घालण्यापूर्वी किती दिवस कुजवावे आणि पुढची पिल्ले येण्याआधी शेड किती काळ रिकामी ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. पुढच्या वेळी औषध सुरू करण्यापूर्वी जिवाणूंची संवेदनशीलता चाचणी (त्यांच्यावर कोणते औषध लागू पडते याची तपासणी) करून घेण्याचा विचार आहे. मात्र अहवाल येईपर्यंत आजारी पक्ष्यांचे काय करावे, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.