लांब मराठी मजकूर टंकण्यासाठी टॅबलेट की ई-रीडर?

प्रश्न:
सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांवर लेखमाला लिहीत असल्यामुळे हिराचंद नेमचंद वाचनालयात टिपणे काढावी लागतात आणि दरवेळी लॅपटॉप वाहून नेणे जिवावर येते. टॅबलेट घ्यावा, की डोळ्यांना सुखद असा ई-रीडर?

उत्तर १:
ई-रीडर वाचनासाठीच ठेवावा. त्याच्या ई-इंक (कागदासारख्या दिसणाऱ्या) पडद्यावर काळे-पांढरे कण प्रत्यक्ष सरकून अक्षर उमटत असल्याने बोट पुढच्या कळीवर पोहोचले तरी आधीचा काना उमटलेला नसतो. शिवाय किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरमधले ब्लूटूथ ऐकण्यापुरते असते, त्याला कीबोर्ड जोडता येत नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरला तो जोडता येतो, मात्र खिशाला चांगलीच चाट बसते.

उत्तर २:
टॅबलेटच घ्या, पण काचेवर टंकू नका. पडद्यावरचा कीबोर्ड मजकुराची जागा खातो आणि मनगटे अधांतरी राहतात. ब्लूटूथ कीबोर्ड जोडून इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळरचना शिकावी, कारण तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आणि हलन्त ‘डी’च्या कळीवर असल्यामुळे ‘पुस्तक’ लिहिताना दोन्ही हात आलटूनपालटून चालतात. (गूगलचे बोलून टंकणे सोयीचे खरे, पण वाचनालयात ते कोण चालवून घेईल?)

उत्तर ३:
वरील मताशी सहमत. फक्त आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हात तापलेल्या टॅबलेटचा पडदा आपोआप मंद होतो. त्यामुळे गच्चीवर बसून लिहिण्याचा बेत असल्यास तो संध्याकाळचाच ठेवावा.