गाडी पळवायची ती कुणासाठी? ('थांबे तोडा' म्हणणाऱ्यांना उत्तर)

राजापूरवाला:
काल 'वेगप्रेमी' यांनी लिहिलं की थांबे मागून मागून कोकणातल्या एक्स्प्रेसची पॅसेंजर झाली. खेड, रत्नागिरी, कणकवली एवढं पुरे, बाकीच्यांनी तिथे जाऊन गाडी पकडावी. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय. आमचा माणूस राजापूर रोडला उतरला तरी गावापासून लांबच उतरतो. त्याला कणकवलीपर्यंत पुढे नेऊन परत पाठवायचं? जून २०२३ मध्ये मडगावची वंदे भारत सुरू झाली, पावणेआठ तासांत मुंबईहून पोचते, चांगलंच आहे. पण वैभववाडीच्या माणसाचा गाडीत वाचलेला वेळ कणकवलीच्या एसटी स्टँडवर जातो. प्रवास घरापासून घरापर्यंत मोजायचा असतो.

वेगप्रेमी:
भावना कळतात, पण हिशेब करा. वेळापत्रकात थांबा दोन मिनिटांचा दिसतो. ताशी शंभरच्या वेगातली गाडी थांबवून पुन्हा त्या वेगाला आणायची, तर पाच-सहा मिनिटं जातात. दहा थांबे म्हणजे तास गेला. मडगाव, मंगळूरच्या प्रवाशाने तो का द्यायचा? ताशी सरासरी ५५ किलोमीटर पडले की गाडी सुपरफास्ट आणि तिकिटावर जादा आकार! ही व्याख्या सहन करणाऱ्यांनी वेगावर बोलूच नये.

लूपलाइन:
दोघांनीही मुख्य गोष्ट सोडलीत. रोहा ते वीर हे ४७ किलोमीटर २०२१ मध्ये दुहेरी झाले, त्याखाली जवळजवळ सगळा मार्ग एकेरी. समोरून गाडी येणार असली की तुमची गाडी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभी. क्रॉसिंगला गेलेली वीस मिनिटं कुणी मोजत नाही, थांब्याची दोन मिनिटं मात्र सगळ्यांना टोचतात. जपानच्या बुलेट गाड्यांमध्ये नोझोमी मोजक्या ठिकाणी थांबते, कोदामा प्रत्येक स्टेशनात, आणि कोदामा बाजूला उभी राहून नोझोमीला वाट देते. तिथे येण्याचा आणि जाण्याचा रूळ वेगळा आहे. इथे ज्या लूपवर हळू गाडी बाजूला घ्यायची, तीच समोरून येणाऱ्या गाडीलाही लागते.

दिव्याचा जिना:
थांब्यांचं राहू द्या. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरला जायची, कोविडनंतर ती ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनलाच संपते. त्याबद्दल एक ओळ कुणी लिहिली नाही. माझी आई ७२ वर्षांची, गुडघे गेलेले. बरोबर तांदळाची पिशवी आणि एक बोचकं. दिव्याला उतरायचं, जिना चढायचा, दुसऱ्या फलाटावर जायचं आणि भरून आलेल्या लोकलमध्ये घुसायचं. दोन लोकल सोडल्या. तिसरीत मी सामानासकट आत रेटला गेलो आणि ती फलाटावरच राहिली. पुढच्या स्टेशनला उतरून मी परत आलो, तेव्हा बाकड्यावर बसून रडत होती.

वेगप्रेमी:
वाईट वाटलं, पण हा वेगळा विषय आहे. सकाळ-संध्याकाळ दादरचा फलाट पॅसेंजरने अडवला तर मागच्या लोकल खोळंबतात. हजारो लोकांचा प्रश्न असतो.

दिव्याचा जिना:
त्या हजारांत माझी आई धरत नाही का? तुम्ही कधी सामान घेऊन दिव्याला उतरलायत? नसाल तर वेगळा विषय कुठला, ते मला सांगू नका.

परळची मालवणी:
मी कुडाळची, तरी वेगाच्या बाजूने बोलणार. बाबा गेल्याचा फोन आला आणि मिळेल त्या गाडीत बसले. प्रत्येक स्टेशनात गाडी थांबली की दारात जाऊन सिग्नल बघायचे. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. राजापूरवाले दादा, माझ्यासाठी तो एक तास फार मोठा होता.

राजापूरवाला:
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. जलद गाडी हवीच, हे मान्य करतो. पण ती पुढे जोडलेली असावी. स्वित्झर्लंडने २००४ मध्ये झुरिक-बर्न तासाच्या आत आणलं, ते जंक्शनवर उतरल्यावर पुढची गाडी लगेच मिळावी म्हणून. वेग हवा होता तेवढाच वाढवला. रत्नागिरीला जलद गाडी आली की समोरच्या फलाटावर सगळीकडे थांबणारी गाडी उभी हवी, एकाच तिकिटावर. मग राजापूरला थांबा नाही दिलात तरी मी तक्रार करणार नाही.

लूपलाइन:
पावसाळ्यात काय करणार? वेगमर्यादा खाली येतात, वंदे भारतलाच दहा तासांच्या आसपास लागतात. जलद गाडी दीड तास उशिरा आली तर जोडगाडी तेवढा वेळ लूप अडवून बसणार? आधी दुहेरी मार्ग, मग स्वित्झर्लंड.

वेगप्रेमी:
जोडगाडी खरोखर उभी राहणार असेल तर माझा विरोध नाही. एवढंच मान्य करतो. ती येईपर्यंत एकही नवा थांबा नको, यावर ठाम आहे.

दिव्याचा जिना:
जोडगाडीच हवी ना तुम्हा सगळ्यांना? मग दिव्यापासून सुरुवात करा. पॅसेंजर यायच्या वेळेला तिथूनच सुटणारी एक रिकामी लोकल दादरला सोडा, जिना न चढता गाठता येईल अशा फलाटावरून. त्याला दुहेरी मार्ग लागत नाही.