मदत हवी आहे: ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला अभिलेखागारात फेलोशिप

नमस्कार. मी मुंबईत एमलिबच्या (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. मोडी लिपी वाचता येते, टंकलिखितासारखी सफाईने नाही, पण १९व्या शतकातलं सरकारी पत्र उलगडतं. उन्हाळ्यात एका खासगी संग्रहात महिनाभर विनामोबदला काम केलं. रुमाल (जुने कागद बांधून ठेवलेली कापडी गाठोडी) सोडून कागद मोकळे करायचे, मऊ ब्रशने धूळ काढायची, मग एकेकाची नोंद. तेव्हाच ठरलं, पुढे हेच करायचं.

दोन संस्थांना ईमेल केले. एकीकडून उत्तर नाही. दुसरीकडे फेलोशिप फक्त इतिहासाच्या संशोधकांना. मला प्रबंध लिहायचा नाही, वर्णनसूची (कागदपत्रांची वर्णनासह यादी) आणि जतन शिकायचंय. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा माहीत आहे, पण आई आजारी असल्याने तूर्तास मुंबई सोडता येत नाही. विद्यावेतन थोडं चालेल, अगदीच नसेल तर लोकलचा पाससुद्धा परवडत नाही. परीक्षेनंतर सहा महिने पूर्णवेळ देऊ शकतो.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटी, टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांचे संग्रह किंवा गोदरेज उद्योगसमूहाचं गोदरेज आर्काइव्ह्ज, इथे कुणी एमलिब करताना किंवा लगेच नंतर मानधनावर काम केलंय का? जाहिरात निघण्याची वाट पाहावी, की नमुना वर्णनसूची जोडून थेट अर्ज करावा, आणि तो नेमका कोणाच्या नावे?